रेंज नसली तरी उघडते

आमच्या वाडीत सत्तावीस घरं आहेत. त्यांतली बावीस बंद असतात आणि त्या बावीस घरांच्या किल्ल्या काशीरामकाकांच्या ओटीवर एका फळीला टांगलेल्या असतात. प्रत्येक खिळ्याखाली तेलरंगाने नाव लिहिलेलं आहे. आडनाव लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण ते अख्ख्या वाडीचं एकच. म्हणून लवू, केरू अशी घरच्या हाकेची नावं आहेत. मुंबईत सोसायटीचा सेक्रेटरी झालेला माणूसही आमच्या फळीवर केरूच राहतो. पंधरावा खिळा गंगारामचा, म्हणजे माझ्या बाबांचा. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. भाऊ बदलापूरला असतो, मी रत्नागिरीत एका शाळेत मराठी शिकवते आणि आमच्या घराची किल्ली काकांकडे असते.

वाडी मंडणगड तालुक्यात आहे. नाव सांगून उपयोग नाही, एसटीच्या पाटीवरसुद्धा ते नसतं. फाट्यावर उतरायचं, पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढायच्या, मध्ये दोनदा दम खायला बसायचं, मग कौलं दिसू लागतात. रत्नागिरीहून निघालं की दिवस मोडतो. हे कारण मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. काकांनाही सांगते आणि ते दर वेळी पटल्यासारखं 'व्हय, लांब हाय' म्हणतात.

काशीरामकाका सहासष्ट वर्षांचे. बाबांचे चुलतभाऊ. लोट्याला एका केमिकल कंपनीत त्यांनी एकोणतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. दर तासाला प्लँटमध्ये फेरी मारायची, काट्यावर जो आकडा दिसेल तो वहीत लिहायचा आणि पुढे सही करायची. काही जण थंडीच्या दिवसांत केबिनमध्येच बसून चार तासांचे आकडे एकदम भरायचे. काकांनी ते कधी केलं नाही आणि करणाऱ्यांशी त्यांचं कधी पटलंही नाही. रिटायर झाल्यावर ते कमलाकाकूंना घेऊन वाडीत आले. चार वर्षांपूर्वी काकू वारल्या. एकुलता मुलगा वापीला. तेव्हापासून काका आहेत आणि त्यांची फेरी आहे. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक बंद घर उघडायचं, दारंखिडक्या सताड ठेवून हवा द्यायची, केर काढायचा, वाळवी बघायची आणि वहीत लिहायचं. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. किल्ल्या सगळ्यांनी दिल्या, काम त्यांनी आपणहून घेतलं.

घरात फोनला रेंज नसते. दर रविवारी अकराच्या सुमाराला काका वाडीवरच्या कातळपठारावर, सड्यावर, चढून तिथून मला फोन करतात. काय सांगायचं ते त्यांनी आठवडाभर साठवलेलं असतं. केरूच्या परसात साप निघाला, विहिरीचं पाणी दोन हात खाली गेलं, आंब्याला मोहोर कमी आहे. बोलायचं संपलं तरी ते 'ठेवतो' असं कधी म्हणत नाहीत. ते मलाच म्हणावं लागतं. खरं सांगायचं तर पुष्कळदा मी फोन स्पीकरवर टाकून वह्या तपासत असते. उजव्या हाताने 'छान', 'उत्तम', 'अक्षर सुधार' असे शेरे चालू आणि तोंडाने 'हो का काका, अरे बापरे' चालू. पंधरा वर्षांच्या नोकरीत मला या दोन्ही गोष्टी न बघता, न ऐकता करता यायला लागल्या आहेत.

गेल्या वर्षी जुलैमध्ये लवूच्या घराचं छप्पर मधोमध बसलं. काकांनी ते मे महिन्यातच हेरलं होतं. एक वासा वाकलाय, तो आणि चार रिपा आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या आत बदलल्या तर निभावेल, असं त्यांनी नालासोपाऱ्याला लवूला कळवलं होतं. लवू म्हणाला, ग्रुपवर फोटो टाक. काकांनी सड्यावर जाऊन टाकला. वाडीच्या ग्रुपवर मुंबईकर धरून शंभरावर माणसं आहेत. तो फोटो सकाळच्या नमस्कारांखाली, वाढदिवसांखाली आणि कुणाच्या तरी साखरपुड्याखाली गडप झाला. छप्पर पडल्यावर लवू काकांना म्हणाला, 'आधी सांगायचं नाय काय?'

काकांनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या रविवारी त्यांनी मला विचारलं की फोटो खाली वाहून जात नाहीत, ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा आपलं घर उघडून बघावं, अशी काही जागा असते का. मी म्हटलं, तिला वेबसाइट म्हणतात. रत्नागिरीत करून देणारे आहेत, तुम्ही त्या फंदात पडू नका, ते आपलं काम नव्हे.

"माणसं येत नाय तर नाय," ते म्हणाले. "घरं तरी त्यांच्याकडं जाऊ देत. एकदा बघतील तरी."

दसऱ्याला वापीहून लॅपटॉप आला. मुलाच्या ऑफिसात मोडीत काढलेला, ट्रकवाल्याच्या हाती पाठवलेला. मुलगा आला नाही. काकांनी त्याआधी आयुष्यात कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. कंपनीत तो साहेबाच्या काचेआड असायचा.

शिकायची रीत त्यांची त्यांनीच बसवली. सकाळी काठी आणि पाण्याची बाटली घेऊन सड्यावर जायचं, कातळावर बसून फोनवर दोन धडे उतरवून घ्यायचे, घरी येऊन ओटीवर ते बघायचे आणि थांबवून थांबवून वहीत लिहायचे. शिकवणारा कुणी हिंदी बोलणारा तरुण होता. धडा सुरू करताना तो 'कैसे हो दोस्तों?' असं विचारायचा आणि काका म्हणायचे, 'बरा हाय.' हे त्यांनीच मला सांगितलं. मी मोठ्याने हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला माझ्या हसण्याची लाज वाटली, कारण दिवसभरात त्यांना तो प्रश्न दुसरं कुणी विचारत नव्हतं.

वेबसाइट नोटपॅडमध्ये लिहितात, कोनदार कंसांत खुणा करून. जी खूण सुरू केली ती शेवटी मिटवायची असते. काकांना यात शिकण्यासारखं काही वाटलं नाही. घर उघडलं की परत लावायचं, एवढंच ना, म्हणाले. तरी पहिल्याच पानावर मथळा मिटवायचा राहिला आणि अख्खं पान इतक्या मोठ्या, जाड अक्षरांत उभं राहिलं की एका ओळीत दोनच शब्द मावेनात. मग मराठीने छळलं. लिहिलेलं सगळं ठीक दिसायचं, पण जपून ठेवून पुन्हा उघडलं की अक्षरं गायब आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा. आठ दिवस नुसती प्रश्नचिन्हं. मला विचारलं तर मी, मराठीची बाई, म्हणाले की लॅपटॉपच जुना आहे, सोडून द्या. नवव्या दिवशी त्यांनी कुठला तरी धडा तिसऱ्यांदा पाहिला आणि तेव्हा त्यांना दिसलं की जपून ठेवताना खाली एक बारीक रकाना असतो, त्यात दुसरा पर्याय निवडायचा असतो. त्या रविवारी ते फोनवर मला आपल्या पानावरचा मजकूर वाचून दाखवत होते. 'लवूचे घर. ओटी, माजघर, पडवी.' एवढंच तीनतीनदा वाचलं.

फोटोंनी वेगळाच घोळ घातला. लवूच्या घराचा फोटो घेतला तर पडदाभर एकच कौल. फोटो पानापेक्षा मोठा होता, तो आकडा देऊन लहान करायचा असतो, हे कळायला आणखी चार दिवस गेले. रंग मात्र त्यांना पहिल्या झटक्यात आवडले, कारण तिथे रंगसुद्धा आकड्यांत सांगतात. वाडीतल्या बुद्धविहारावरच्या झेंड्याचा निळा त्यांना मथळ्याला हवा होता. ते दुपारभर आकडा बदलायचे, अंगणात जाऊन झेंडा बघायचे आणि परत येऊन आकडा बदलायचे. तिसऱ्या दिवशी जमला. तो आकडा त्यांनी वहीत लिहून पुढे सही केली.

असं करत करत फेब्रुवारीपर्यंत सत्तावीस पानं झाली. प्रत्येक घराला एक, आणि दर फेरीनंतर त्यात नवी ओळ. मध्ये एका रविवारी त्यांचा आवाज भलताच खुलला होता.

"दर्शनाबाय," ते म्हणाले, "आपली वेबसाइट रेंज नसली तरी उघडते."

मी 'अरे वा' म्हटलं आणि समोरच्या वहीवर शेरा मारला. हे कसं काय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. वाडीतल्या बाकीच्या चार उघड्या घरांतली म्हातारी माणसं काकांच्या ओटीवर येऊन वेबसाइट बघून गेली होती. त्यांचंही मत पडलं की लोकांच्या वेबसाइटी रेंज गेली की बंद पडतात, त्यापेक्षा आपली कितीतरी चांगली.

तेरा एप्रिलला, जयंतीच्या आदल्या दिवशी, काकांनी ग्रुपवर संदेश टाकला. 'जय भीम. सत्तावीस घरांची वेबसाइट तयार झाली आहे. आपापले घर पाहावे व कळवावे.' खाली पत्ता. तो पत्ता त्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावरून वहीत आणि वहीतून फोनवर, एकेक अक्षर आणि एकेक तिरकी रेघ तपासून उतरवला होता. सड्यावर जाऊन तो पाठवला आणि उत्तरं बघत ते ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

उत्तरं धो धो आली. त्रेचाळीस जणांनी लिहिलं. अभिनंदन, वाडीचे भूषण, एक नंबर, टाळ्या, निळी फुलं, हात जोडलेले. मेंढरामागे मेंढरू जावं तसं एकाने 'अप्रतिम' लिहिलं की पुढच्या पाचांनी 'अप्रतिम'. माझ्या भावाने तीन अंगठे पाठवले. केरूदादा वाडीच्या मंडळाच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष आहेत, त्यांनी मे महिन्याच्या सभेत काकांचा शाल देऊन सत्कार करायचं तिथल्या तिथे जाहीर केलं. मी स्टाफरूममध्ये दोन तासांच्या मध्ये होते. पत्ता लांबलचक दिसला, घरी जाऊन निवांत बघू म्हटलं आणि लिहिलं, 'खूपच सुंदर, काका. तुमचा अभिमान वाटतो.' घरी गेल्यावर मी स्वयंपाकाला लागले.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी काकांनी नेहमीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. विहीर नाही, मोहोर नाही. सरळ विचारलं की तू गंगारामच्या घराचं पान बघितलंस काय. मी म्हटलं, हो, बघितलं की.

"पडवीचा फोटो बघितलास?"

"हो काका. छान आलाय."

"बरं," ते म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा 'ठेवतो' असं त्यांनी म्हटलं. मला वाटलं, ऊन लागत असेल.

त्याच आठवड्यात निकालाच्या कामाला आम्ही सगळे शाळेत होतो. सरकारी प्रशिक्षणाच्या नावाने बोटं मोडणं चाललं होतं, या वयात कॉम्प्युटर कुठे शिकत बसायचं वगैरे. मी ऐटीत सांगितलं की माझे सहासष्ट वर्षांचे काका एकट्याने, रेंज नसलेल्या वाडीत, सत्तावीस पानांची वेबसाइट करून बसले आहेत. आमच्या कॉम्प्युटरच्या नाझिया मॅडम म्हणाल्या, दाखवा. मी ग्रुपवरचा तो संदेश शोधला, पत्त्यावर बोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाझिया मॅडमनी फोन हातात घेऊन पत्ता वाचला. सुरुवातीला सी, मग दोन टिंबं, मग युजर्स, मग काशीराम, मग डेस्कटॉप.

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, ही त्यांच्या लॅपटॉपवरच आहे. नेटवर कधी गेलेलीच नाही. त्यांच्या घरी जाऊन बसल्याशिवाय ही जगात कुणालाच दिसणार नाही."

मग त्या म्हणाल्या की नवशिक्यांच्या हातून हे नेहमी होतं, पहिलाच माणूस सांगतो की उघडत नाही आणि लगेच कळतं. मी फोन परत घेतला. त्रेचाळीस नावं माझ्या डोळ्यांसमोर होती, त्यांत एक माझं.

काकांना फोन करून हे सांगणं सोपं होतं. पण ते सांगायचं तर चार दिवसांपूर्वी मी पडवीचा फोटो कुठे पाहिला, हेही सांगावं लागणार होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. मी दोन दिवस तसेच काढले. मग शाळेला सुट्टी लागल्यावर पहाटेची एसटी पकडली. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. त्यांना वाईट न वाटता कसं सांगावं, चूक किती साधी आहे, किती जणांकडून होते, नाझिया मॅडम कशा दहा मिनिटांत दुरुस्त करून देतील. या सगळ्यात माझं खोटं कुठे बसवायचं ते मात्र मंडणगड आलं तरी ठरेना.

काका ओटीवर होते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की पाणी आणायला आत गेले ते चहा टाकूनच आले, आणि मग आठवलं म्हणून पुन्हा पाणी आणायला गेले. घर लखलखीत होतं. एक कप, एक ताट, एक चादर. मी चहा घेतला आणि म्हटलं की काका, वेबसाइटविषयी एक सांगायचं होतं.

"उघडत नाय, तेच ना?"

मी कप खाली ठेवला.

ते मग अगदी शांतपणे सांगत गेले. पानं तयार झाली तेव्हा त्यांचे चोवीस धडे झाले होते. वेबसाइट उभी राहिली म्हणून पुढचे त्यांनी पाहिले नव्हते. संदेश पाठवल्यावर हाताला काम उरलं नाही, म्हणून राहिलेले धडे काढले. एकतिसाव्या धड्यात तो मुलगा म्हणाला की दोस्तों, आतापर्यंत आपण जे केलं ते फक्त आपल्यालाच दिसतंय, आता ते जगाला कसं दाखवायचं ते शिकू. काकांनी तेवढा तुकडा पाच-सहा वेळा ऐकला.

त्यांना पहिल्यांदा लाज वाटली ती स्वतःची. इतक्या लोकांना आपण न उघडणारा पत्ता पाठवला. बिचाऱ्यांनी खटाटोप केला असेल आणि म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून गोड बोलले असतील. तेव्हा प्रत्येकाला फोन करून माफी मागायची असं ठरवून ते सड्यावर गेले. पहिला फोन केरूदादांना. माफी मागायला तोंड उघडायच्या आत केरूदादा म्हणाले, काशीराम, काय वेबसाइट केलीस, माझं घर काय उठून दिसतंय त्यात. आता यावर माफी कशी मागणार? दुसरा फोन लवूला. लवू म्हणाला, बायकापोरांना दाखवली, सगळी खूश. तिसऱ्यापासून काकांनी माफीचा नाद सोडला आणि नुसतं विचारायला लागले.

वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. आकडे लिहायची तीच लांब वही, रेघा मारून रकाने पाडलेले. नाव, तारीख, वेळ, शेरा. त्रेचाळीस नावं. दोन आठवडे ते रोज तीन-चार फोन करत होते. शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे एकच लिहिलेलं होतं, 'पाहिली म्हणतो' किंवा 'पाहिली म्हणते'. शेवटची ओळ माझी होती.

"तुझं नाव मुद्दाम शेवटी ठेवलं होतं," ते म्हणाले. "म्हटलं, मास्तरीण हाय. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेते. ती सांगंल, काका, उघडत नाय म्हणून."

मी रडले. यात लपवण्यासारखं काही नाही. काकांनी माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते उलट मलाच समजावायला लागले की अगो, लोकांना कामं असतात, धावपळ असते, तू लांब राहतेस. माझी सगळी कारणं ते मला परत देत होते.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि आमच्या घराचं पान काढलं. वर तो निळा मथळा, 'गंगारामचे घर'. खाली ओटी, माजघर, न्हाणी, एकेक फोटो आणि त्याच्याखाली तारखांच्या ओळी. अमुक तारखेला उघडले, हवा दिली. अमुक तारखेला वाळवी, औषध मारले. अमुक तारखेला पश्चिमेची खिडकी अडकली, तेल दिले. बाबा गेले त्यानंतरची तीन वर्षं तिथे पंधरवड्यांनी मोजून लिहिलेली होती आणि त्यांतल्या कुठल्याही ओळीत मी नव्हते, माझा भाऊही नव्हता. ओळी वाचत मी खाली पडवीच्या फोटोपाशी आले.

पडवी पडली होती. वासे मोडून खाली आलेले, कौलांचा ढीग आणि मागची भिंत अर्धी उघडी. फोटोखाली लिहिलं होतं, '२६ मार्च. पडवी बसली. मालकांस कळवायचे आहे.'

मला या फोटोविषयी 'छान आलाय' म्हणाल्याचं आठवलं आणि मी मान वर केली नाही. काकांनी हळूच पुढचं पान उघडलं, मग त्याच्या पुढचं. केरूदादांचं 'उठून दिसणारं' घर पाहिलं, त्याच्या दारातून आत रुजलेलं रोप पाहिलं. मग सत्तावीसच्या सत्तावीस पानं आम्ही पाहिली. प्रत्येक पानाला ते थोडा वेळ थांबत होते, मी नीट वाचतेय की नाही ते बघत होते. दोन तास गेले असतील. त्या दोन तासांत ते जितके बोलले तितके सगळ्या वर्षाच्या रविवारांत बोलले नसतील.

शेवटचं पान त्यांचं स्वतःचं होतं. त्यावर फोटो एकच, समोरून काढलेला, आणि खाली फक्त 'रोज उघडे असते' एवढंच. काकूंचं नाव कुठे नव्हतं.

मी डोळे पुसून म्हटलं की काका, पुरे झालं, आता ही नेटवर टाकू. ते म्हणाले की सगळी तयारी करून ठेवली आहे. लॅपटॉप पिशवीत घालून ते सड्यावर गेले होते, फोनची रेंज त्याला जोडली होती, फुकटच्या जागेवर खातं काढलं होतं आणि वाडीच्या नावाचा पत्ताही मिळाला होता. आता पानं चढवायची आणि एक बटण दाबायचं, एवढंच बाकी होतं. पंधरा दिवस ते तसंच होतं.

मी म्हटलं, मग चला, आत्ताच जाऊ सड्यावर. मी सगळ्यांना फोन करते, एकेकाला उघडायला लावते. मुंबईच्या सभेत सत्काराच्या वेळी मोठ्या पडद्यावर दाखवायला सांगते. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. काका म्हणाले की सत्काराला ते जाणार नाहीत, आगोटीची कामं आहेत असं केरूला कळवलंय. आणि लॅपटॉप मिटून त्यांनी त्यावर फडकं घातलं.

"का पण? इतकं केलंत, आता बटण दाबायला काय झालं?"

त्यांनी हाताने बाहेर दाखवलं. समोर पाखाडीच्या दोन्ही अंगांना बंद दारं होती.

"आता कसं हाय," ते म्हणाले, "कुणी बघितली नाय ती माझी चूक. मीच पत्ता चुकीचा दिला, तर बघणार कुठनं? पण एकदा ती खरंच सगळ्यांना दिसायला लागली, आणि तरी कुणी बघितली नाय, तर मग मी काय समजायचं, बाय?"

आता जून लागलाय. वेबसाइट अजून त्यांच्या ओटीवरच आहे.